पाच वाजताची संध्याकाळ

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईत सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो. कोलकात्यात पाचाच्या सुमारास. दोन्ही शहरांच्या भिंतींवरची घड्याळं एकच वेळ दाखवतात, कारण साडेब्याऐंशी रेखांशावरची भारतीय प्रमाणवेळ दोघांनी निमूट मान्य केली आहे. मधलं साडेपंधरा अंशांचं अंतर सूर्याला मात्र मान्य नाही. अंशाला चार मिनिटं धरली की तासावर दोन मिनिटं होतात. ठाण्या-दादराकडून किंवा पुण्या-नाशकाकडून तिकडे गेलेला माणूस दुपारचं जेवण उरकून अंमळ आडवा होतो, चार-साडेचारला निघू म्हणतो, आणि चहा घेऊन बाहेर पडेस्तोवर मैदानावर धुक्याचा पहिला पदर उतरलेला असतो, व्हिक्टोरिया मेमोरियलचा घुमट राखी पडलेला असतो आणि चणेवाल्याने दिवा लावलेला असतो. दुपार कुणी चोरली, असं वाटावं. कोलकात्याच्या हिवाळ्याविषयी जे काही म्हणायचं ते या एका तासापासून सुरू करावं. हे शहर थंडीच्या दिवसांत स्वतःच्या घड्याळावर चालतं, ते घड्याळ फार काटेकोर आहे, आणि ते पाळणं घोळक्याला जमत नाही. आवडत्या शहरात हिवाळ्यात जावं आणि एकट्यानेच जावं, असं माझं म्हणणं आहे; त्यामागे एकांत, आत्मशोध वगैरे काही नाही. कारण निव्वळ वेळापत्रकाचं आहे.

आधी या हिवाळ्याची ऐपत पाहू. जानेवारीत कोलकात्याचं रात्रीचं तापमान सरासरी १४ अंशांच्या आसपास असतं. दहाच्या खाली ते क्वचितच जातं. निफाडला पारा पाच-सहावर आला तरी तिथला शेतकरी द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून कामाला लागतो, आणि इकडे १४ अंशांना अख्खं शहर माकडटोपी चढवून, गळ्यात मफलर गुंडाळून, दुधाच्या रांगेत उभं राहतं. बंगाली माणसाच्या माकडटोपीवर सगळा देश हसतो, बंगाली माणूस स्वतःही हसतो आणि टोपी काढत नाही. त्या टोपीचा थंडीशी संबंध थोडा, टंचाईशी अधिक आहे. वर्षाचे नऊ-दहा महिने अंगाला चिकटणारा दमटपणा, वैशाखातला उकाडा, पावसाळ्यात गुडघाभर पाणी, आणि त्यातून डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत मिळणारे जेमतेम सहा-सात आठवडे. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर माणसं काय काय उभं करतात! वेलिंग्टन चौकात डोंगराकडची माणसं लोकरी कपड्यांचे गाळे थाटतात. काश्मिरी शालवाले गाठोडी घेऊन पिढ्यान्‌पिढ्यांच्या ठरलेल्या घरांची दारं वाजवतात आणि हप्त्यांच्या वह्या उघडतात. नदीकाठच्या बागांत 'पिकनिक'वाल्यांची पातेली चढतात. आपल्याकडे पौष म्हटला की भाकड महिना, लग्नकार्यं बंद. लग्नं बंगालातही त्या महिन्यात होत नाहीत, पण 'पौषमास' हा शब्द त्यांच्या बोलण्यात सुगीच्या, बरकतीच्या अर्थाने येतो. आणि नाताळला ते 'बडोदिन' म्हणतात, मोठा दिवस. प्रत्यक्षात तो वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवसांपैकी एक. तिथून पुढे दिवस मोठा होत जातो म्हणून असेल. मला तर तो आहे तेवढ्याच दिवसाला मोठा म्हणण्याचा हट्ट वाटतो.

हे घड्याळ सर्वांत कडक चालतं ते गुळाच्या बाबतीत. नोलेन गूर, म्हणजे खजुरीच्या रसाचा नवा गूळ. बंगालीत ज्याला 'खेजुर गाछ' म्हणतात ते झाड आपल्या ओळखीचं आहे. ओढ्याकाठी, बांधावर उभी असणारी शिंदी ती हीच. आपल्याकडे तिच्या पानांचे फडे होतात आणि नावाने दारू ओळखली जाते. बंगालने तिच्यातून हिवाळा काढला. झाड तासणाऱ्याला 'शिउली' म्हणतात. कमरेला दोर बांधून तो वर चढतो, शेंड्याखालची एक बाजू सोलून गुळगुळीत करतो, थंडी पडली की तिथे चीर देतो, चिरेखाली बांबूची पन्हळी ठोकतो आणि संध्याकाळी मडकं टांगतो. रात्रभर थेंब थेंब. उजाडायच्या आत मडकं उतरवलंच पाहिजे, कारण ऊन चढू लागलं की रस फसफसतो, आंबट होतो, आणि मग त्याचा गूळ होत नाही, ताडी होते. आभाळ आलं तर रस बिघडतो. थंडी जितकी खणखणीत तितका तो स्वच्छ. दोन-तीन रात्रींनी झाडाला विसावा द्यायचा, आणि विसाव्यानंतरच्या पहिल्या रात्रीचा जो रस, तो 'जिरेन', सगळ्यांत उंची. आठ-दहा लिटर रस चुलीवरच्या पसरट काहिलीत आटवला की किलोभर गूळ पडतो. तो पातळ काकवीसारखाही ठेवतात आणि वाट्यांच्या आकाराच्या ढेपाही पाडतात, त्या 'पाटाली'. नदिया, दक्षिण चोवीस परगणा या जिल्ह्यांतून तो सियालदाहच्या लोकलगाड्यांनी शहरात येतो. जयनगरच्या मोयाला, म्हणजे कनकचूर भाताच्या लाह्या आणि हा गूळ यांच्या लाडवाला, २०१५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मूळच्या चंदननगरच्या जलभरा संदेशाचा आकार ताडगोळ्याचा. एरवी त्याच्या पोटात गुलाबपाणी असतं, हिवाळ्यात पातळ गूळ. तो चमच्याने फोडण्याचा प्रश्नच येत नाही. मान जरा पुढे काढून, सगळं मुखात येईल अशा बेताने एका घासात घ्यावा लागतो, नाहीतर शर्टाच्या बाहीवर हिवाळा सांडतो.

ही साखळी नीट पाहिली तर प्रत्येक कडीवर तास लिहिलेला सापडतो. मडक्याचा तास, लोकलचा तास, दुकानात पहिली खेप येण्याचा तास. गुळाखेरीज बाकीचंही तसंच. टिरेटा बाजारात पहाटे चिनी न्याहारीच्या टोपल्या मांडल्या जातात: वाफवलेले पाव, माशांच्या गोळ्यांचं सूप, सॉसेज. १९६२ च्या युद्धानंतर कोलकात्यातले चिनी लोक झपाट्याने कमी झाले, विक्रेत्यांत आता इतरही मिसळले आहेत, तरी बाजार चालतो. पण आठच्या सुमारास तिथे जाल तर भाजीवाल्यांनी जागा घेतलेली असते. हिरव्या मटाराच्या कचोऱ्या सकाळी, फ्लॉवरचे सिंगाडे म्हणजे समोसे उतरत्या दुपारी. बाबूघाटावर गंगासागरच्या वाटेने निघालेल्या साधूंच्या राहुट्या संक्रांतीच्या आधीचे थोडेच दिवस. १ जानेवारी १८८६ ला काशीपूरच्या बागेत रामकृष्णांनी भक्तांना दिलेल्या कृपादानाची आठवण म्हणून त्या तारखेला तिथे आणि दक्षिणेश्वरला पहाटेपासून रांग लागते. आणि डोव्हर लेन. १९५२ पासून भरणारी ही संगीत परिषद जानेवारीच्या उत्तरार्धात रात्रभर चालते. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एका वर्षाने धाकटा. सवाई उघड्या मैदानावर मांडवात होतो, त्यामुळे रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकबंदीने त्याच्या रात्री कापल्या. डोव्हर लेन छताखाली असल्याने तिथे मध्यरात्रीचा राग अजून मध्यरात्री आणि पहाटेचा पहाटेच ऐकता येतो. ज्याला पुण्यातल्या त्या जुन्या रात्री ऐकून ठाऊक आहेत, त्याने केवळ एवढ्यासाठी हावड्याची गाडी पकडायला हरकत नाही.

आता घोळक्याचा हिशेब मांडा. चार माणसं एकत्र निघाली की त्यांच्या चार घड्याळांची सरासरी काढावी लागते, आणि सरासरी नेहमी साडेदहाला येते. साडेदहाला अंघोळी आटोपतात, अकराला नाश्ता, बाराला टॅक्सी. एकाला मासे चालत नाहीत, दुसऱ्याची कंबर दुखते, तिसऱ्याला न्यू मार्केटातून साड्या घ्यायच्या आहेत, चौथा सगळ्यांचं ऐकतो आणि रात्री कुरकुरतो. यात कुणाचीच चूक नाही. सहल म्हणजे सहवास, आणि सहवासाची किंमत अशी वेळेतच मोजतात. पण कोलकात्याच्या हिवाळ्यातला एकही ऐवज साडेदहा ते साडेचार या वेळेत पूर्ण सापडत नाही, ही अडचण आहे. पहाटे साडेपाचला उठायला तिघे तयार झाले तरी चौथ्यासाठी थांबावं लागतं. डोव्हर लेनला एक वाजता दोघांना झोप आली की चौघं उठतात. सरासरी काढल्यावर हातात राहतात ती फक्त स्थळं: व्हिक्टोरिया, हावडा पूल, कालीघाट, बेलूर. ती वर्षभर असतात, जागची हलत नाहीत. वाट पाहत बसलेल्या गोष्टी घोळक्याला मिळतात. निघून जाणाऱ्या गोष्टींसाठी एकट्याचेच पाय लागतात.

यावर कुणी म्हणेल, कोलकात्याचा खरा उत्सव तर दुर्गापूजा. युनेस्कोने डिसेंबर २०२१ मध्ये वारसा म्हणून नोंदवला तोही तोच. मग जायचं तर आश्विनात जावं. जरूर जावं, पण पूजेला एकट्याने जाऊ नये. पूजा ही गर्दीची कला आहे. मंडपामागून मंडप पालथे घालायचे, रात्री तीनला रोल खायचा, नवे कपडे एकमेकांना दाखवायचे, घरच्या सुनेने, शेजारच्या काकूंनी दशमीला एकमेकींना शेंदूर लावायचा. यातल्या प्रत्येक कृतीला दुसरं माणूस लागतं, आणि शक्य तर आपलं. पूजेत एकटा फिरणारा परका लग्नात वाट चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखा दिसतो: जेवायला मिळतं, कुणी हाकलत नाही, पण तो कुठल्या बाजूचा हे कुणालाच कळत नाही. हिवाळ्याचं माप वेगळं. संदेश एकेकट्याने खायचा, शाल एकाच्याच अंगावर येते, मातीच्या भाँडातला चहा चार घोटांचा असतो आणि तो वाटून घेता येत नाही. रिकामं भाँड टोपलीत टाकताना जो बारीक 'खळ्ळ' आवाज होतो, तिथे तो व्यवहार पुरा होतो. पुस्तकांच्या जत्रेत तर नवराबायकोही गेटापाशी वेगळी होतात आणि दोन तासांनी माशाच्या कटलेटच्या गाड्यापाशी भेटायचं ठरवतात.

त्या जत्रेचा, बोईमेलाचा, मुद्दा जरा सविस्तर घेण्याजोगा आहे, कारण माझ्या म्हणण्याला अवघड जाणारा एक आक्षेप तिथूनच येतो. कोलकाता हे अड्ड्याचं शहर. कॉलेज स्ट्रीटवरचं कॉफी हाउस, गल्लीतल्या घरांपुढचे 'रोक' म्हणजे ओटे, ट्रामच्या थांब्यावरची न संपणारी वादावादी. बोलण्यावाचून हे शहर म्हणजे तबल्यावाचून कथ्थक. मग तिथे एकट्याने जाऊन करायचं काय? भिंतीशी बोलायचं? आक्षेप खरा आहे, पण त्याने घोळक्याची बाजू मुळीच बळकट होत नाही. मराठी माणसांचा घोळका कॉफी हाउसमध्ये बसला तर तिथे मराठी अड्डा होतो, आणि तो डेक्कनवरही होऊ शकतो. शेजारच्या टेबलावर काय चाललंय हे कानावर यायला आपलं टेबल गप्प असावं लागतं. बंगाली लिपी अनोळखी असली तरी भाषा निम्मी ओळखीची असते, आणि निम्म्या ओळखीची भाषा समजायला ऐकणाऱ्याला सलग शांतता हवी. पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या घरात बंगाली शिकायला शांतिनिकेतनात विद्यार्थी होऊन राहिले, त्यातून 'वंगचित्रे' आलं. पंचवीस जणांच्या सहलीबरोबर गेले असते तर फार तर एक विनोदी लेख झाला असता. बोईमेला १९७६ पासून भरतो. १९९७ मध्ये ऐन जत्रेत आग लागून लाखाहून अधिक पुस्तकं जळाली, आणि उरलेल्या दिवसांत जत्रा पुन्हा उभी राहिली. पुढे, जत्रा जिथे भरत असे त्या मैदानाच्या पर्यावरणासाठी न्यायालयात भांडण झालं, जत्रेला मैदान सोडावं लागलं, इकडेतिकडे भटकून ती सॉल्ट लेकला स्थिरावली. तिथे लघु-नियतकालिकांचा वेगळा मांडव असतो. टेबलामागे स्वतः संपादक, बहुधा तोच कवी, तोच मुद्रितशोधक. त्याच्यापुढे एकटं माणूस उभं राहिलं की तो विचारतो, कुठून आलात? घोळका उभा राहिला की तो पावतीपुस्तक काढतो. अनियतकालिकांच्या चळवळीतले आपले अशोक शहाणे बंगालीतून मराठीत अनुवाद करत, ही गोष्ट अशा टेबलापाशी सांगितली तर खुर्ची पुढे सरकवली जाते. बंगालीत एकट्याला 'एका' म्हणतात. "एका?" असं नुसतं विचारलं जातं, आणि त्या प्रश्नानंतर सहसा एकटं राहता येत नाही. (रवींद्रनाथांचं ते सुप्रसिद्ध गाणं इथे कुणाला आठवलं असेल; पण ते १९०५ च्या आंदोलनातलं आहे, साद देऊनही कुणी आलं नाही तर काय करायचं त्याविषयीचं. एकट्याच्या सहलीला ते चिकटवू नये.)

दुसरा आक्षेप अधिक तिखट: हिवाळ्यातलं शहर हे शहराचं दिवाणखान्यातलं रूप. पाहुणे यायच्या वेळी उशांचे अभ्रे बदलतात तसं. खरं कोलकाता पाहायचं तर ऑगस्टात ठनठनियाच्या तुंबलेल्या पाण्यात, नाहीतर मे महिन्यात वीज गेल्यावर पहावं. या युक्तिवादात एक सुप्त कठोरपणा आहे; माणसाचं खरं रूप तो आजारी पडल्यावरच दिसतं, असं म्हणण्यासारखा. आजारपणातही दिसतं, पण सणाच्या दिवशी तो जो असतो तोही तोच असतो, आणि कशाची किती वाट पाहिली होती हे त्याच दिवशी कळतं. शिवाय दिवाणखान्यात केर नसतो हा समज तर कोलकात्याच्या बाबतीत साफ खोटा. हिवाळ्यातली हवा वर्षातली सर्वांत वाईट. जमिनीलगत थंड हवा, वर उबदार थर, आणि त्या झाकणाखाली गाड्यांचा धूर, चुलींचा धूर, बांधकामाची धूळ कोंडून राहते. व्हिक्टोरियाभोवतीचं जे धुकं छायाचित्रांत इतकं कोवळं दिसतं, त्यात पाणी किती आणि काजळी किती हे घसा बरोबर सांगतो. दमेकऱ्याने माझं काही न ऐकता मार्चची वाट पहावी. बाकीच्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की माकडटोपी आणि काजळी एकाच ऋतूत येतात.

तिसरा आक्षेप ऐकल्यावर माझा सूर खाली येतो. एकट्याने, पहाटे साडेपाचला, रात्री तीनला: हे सगळं कुणाला परवडतं? खोलीचं भाडं एकट्याला वाटून घेता येत नाही, हा त्यातला किरकोळ भाग. मोठा भाग हा, की ज्या तासांचं मी एवढं कौतुक करतो आहे, ते तास बाईसाठी वेगळ्या किमतीला मिळतात. कोलकाता त्या बाबतीत बरं शहर आहे अशी त्याची ख्याती होती. ट्राममध्ये, बसमध्ये बायकांच्या राखीव जागांवरून पुरुष खरोखर उठतात. मग ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका सरकारी रुग्णालयात, रात्रपाळीवरच्या तरुण डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, आणि १४ ऑगस्टच्या मध्यरात्री हजारो बायका शहराच्या चौकाचौकांत उतरल्या. रात्र आमचीही आहे, एवढीच त्यांची मागणी होती. म्हणजे ज्या शहराच्या घड्याळाची मी वकिली करतो त्याच्याच काट्यांवर तिथल्या बायकांनी हक्क सांगितला, तेव्हा तो त्यांना पुरता मिळालेला नाही हे उघड आहे. यावर माझ्याजवळ खोडून काढणारं उत्तर नाही. डोव्हर लेनच्या रात्री सभागृहात म्हाताऱ्या बायका शाली पांघरून, थर्मास मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत बसतात, पहाटेच्या टिरेटाला मुली एकट्या येतात, मेट्रोत गर्दी असते, हे खरं. पण ही वस्तुस्थिती आहे, हमी नव्हे. एकट्याने जावं, हे माझं वाक्य पुरुषाला जितक्या सहज सांगता येतं तितकं बाईला येत नाही. इथे माझा युक्तिवाद अर्धा राहतो.

आवडत्या शहरात पुन्हा कशाला, नवं काहीतरी पहा, असाही एक सल्ला मिळतो. तो सल्ला देणाऱ्यांना शहर हा ठशांचा संग्रह वाटतो. एक ठसा घेतला की पुढचा. पण जाणारं काय आणि येणारं काय हे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच कळतं. मार्च २०२४ मध्ये हुगळीच्या पात्राखालून मेट्रो धावू लागली; हावडा स्थानकावर उतरलेला माणूस पूल न ओलांडता एस्प्लनेडला पोचू शकतो. १९४३ पासून प्रत्येक येणाऱ्याच्या नजरेस पहिला पडणारा तो पोलादी सांगाडा आता वाटेत येत नाही, त्याच्याकडे मुद्दाम जावं लागतं. २०२४ च्याच सप्टेंबरात राज्य सरकारने ट्राम बंद करण्याचं, एक हौशी फेरा तेवढा ठेवण्याचं जाहीर केलं. १८७३ मध्ये घोड्यांनी ओढलेली, १९०२ पासून विजेवर चालणारी ही गाडी पहिल्यांदा येणाऱ्याला गंमत वाटते. तिच्या थांब्यावर उगाच उभं राहून नुसते रूळ पाहणं पुन्हा येणाऱ्याच्याच वाट्याला येतं. आणि ते काम चौघांनी मिळून करण्यासारखं नाही.

मराठी माणसाच्या वाट्याला तिथे आणखी एक खासगी काम येतं. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर चालून गेली, तेव्हा घाबरलेल्या कोलकातेकरांनी आणि कंपनीच्या इंग्रजांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल खणून झाले, मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत आणि काम थांबलं. पुढे खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला, आज ज्याला जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांची नावं आहेत. बागबाजारकडे 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली अजून आहे. गावं मात्र लुटली गेली. दहा वर्षं चाललेल्या त्या स्वाऱ्यांची आठवण बंगाली अंगाईगीतात शिल्लक आहे; 'बारगीर' हा आपला साधा शब्द, सरकारी घोड्यावरचा स्वार एवढ्याच अर्थाचा, तिथे 'बर्गी' होऊन तान्ह्या मुलांना झोपवायला भीती म्हणून वापरला गेला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात ही मोहीम चौथाईच्या हिशेबाने येते, नकाशावरच्या बाणासारखी. घोळक्यात हे आठवलं तर कुणीतरी मिशीवर ताव देतो, आणि विषय तिथेच बुडतो. तो रस्ता एकट्याने चालावा. साधा वाहता रस्ता आहे: बसगाड्या, टायरची दुकानं, इस्पितळं, फुटपाथवर संत्र्यांचे ढीग. त्यातली काही दार्जिलिंगची, काही नागपूरची. नागपूरहून जे आलं ते दर वेळी घोड्यावरूनच आलं असं नाही. प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, डिसेंबर १९७७ च्या अखेरीस, मुंबईहून हावड्याला निघालेली गीतांजली एक्स्प्रेस वर्गभेद नसलेली गाडी म्हणून सुरू झाली. तीही नागपूरवरूनच जाते.

राहता राहिला गुळाचा आक्षेप, जो आता बाजारानेच घेतला आहे: नोलेन गूर हल्ली टूथपेस्टसारख्या नळीत भरून मिळतो, त्यामुळे हिवाळ्याची वाट पाहायची गरज उरलेली नाही. नळीतला गूळ वाईट नसतो. जुलैत पावसाच्या दिवशी तो पोळीवर पिळून पाहावा. गोड लागेल, वास येईल, आणि तो घास घेण्याची काही घाई नसेल. घाई गेली की काय जातं हे शब्दांत पकडणं कठीण, पण भेसळ करणाऱ्यांना ते बरोबर ठाऊक आहे. साखर आणि सुगंध घालून केलेली पाटाली वर्षभर विकता येते, तरी तेही ती थंडीतच विकतात. शिउली मात्र कमी होत चालले आहेत. पहाटेच्या थंडीत कमरेला दोर बांधून काटेरी झाडावर चढण्याचं काम दोन-अडीच महिन्यांचं, बाकीचं वर्ष दुसरी मजुरी. मुलं केरळात, गुजरातेत बांधकामांवर जातात, ती चढायला परत येत नाहीत.

सरस्वती पूजा झाली की बंगाली घरांत बोरं खायला परवानगी मिळते. त्याआधी ती तोंडात घालायची नसतात. वेलिंग्टन चौकातल्या ताडपत्र्या उतरतात, टोप्या ट्रंकेत जातात, दुकानांतला संदेश पुन्हा पांढरा होतो. शिउली शेवटचं मडकं उतरवतो आणि चीर तशीच उघडी सोडतो. पुढच्या वर्षी तो त्याच झाडाची उलटी बाजू तासणार, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा ही. त्यामुळे खजुरीचं खोड सरळ वाढत नाही, डावी-उजवीकडे नागमोडी होत वर जातं, आणि प्रत्येक वळणावर एक वाळलेली खाच असते. सियालदाहहून दक्षिणेकडे जाणाऱ्या लोकलच्या खिडकीतून ती झाडं दिसतात, भाताच्या कापलेल्या शेतांच्या कडेला. गाडी सावकाश चालली असेल तर खालून वर खाचा मोजता येतात, एकेका हिवाळ्याची एकेक.